पसाभर तांदूळ आणि एक इंग्रजी शब्द

भटवाडी, घाटकोपर
१२ ऑक्टोबर १९८६

चि. भिकूस,

जयभीम आणि पाठीत एक धपाटा. आशीर्वाद नंतर, आधी कामाचं.

तुझा लेख मिळाला. तू पाठवला नाहीस, तरी मिळाला. आमचे हेडमास्तर जयवंत सर इंग्रजी पेपर घेतात. सोमवारी मधल्या सुट्टीत ते पेपर हातात घेऊनच माझ्या वर्गात आले आणि म्हणाले, "द्रौपदीबाई, हा भिकाजी राणे म्हणजे तुमच्या समोरच्या खोलीतला का हो?" मी म्हटलं, समोरच्या खोलीतला आणि माझाही. मग त्यांनी उभ्या उभ्या सगळा लेख वाचून मराठीत सांगितला. पोरं डबे खायचं सोडून ऐकत बसली.

लेख चांगला आहे. पण मास्तरीण असल्यामुळे चुका काढल्याशिवाय माझा हात थांबत नाही. तू लिहितोस की तुला विकलं त्या दिवशी धो धो पाऊस होता. अजिबात नव्हता. चांगलं ऊन होतं, गॅलरीत वाळवणं होती. तुझ्याआधीची दोन्ही पोरं महिन्याच्या आत गेली होती, तू तिसरा. पोर जगत नसेल तर ते दुसऱ्याला विकून टाकायचं, म्हणजे काळ शोधत आला तरी त्याला ते आईच्या घरी सापडत नाही, अशी तुमच्या गावची रीत. तुझ्या आजीने ती काढली आणि तुझ्या आईने, रुक्मिणीने, तुला सुपात घालून माझ्या उंबऱ्यावर ठेवलं. मी तुला उचललं आणि रिकाम्या सुपात पसाभर तांदूळ घातले. ते तांदूळ आईने एकटीने खायचे, की विक्री पक्की. नाव भिकाजी, म्हणजे भीक मागून आणलेलं पोर. तो दिवस आणि ती रात्र तू माझ्याकडे होतास. संध्याकाळी रुक्मिणी तुला पाजायला आली ती पोट धरूनच, ओली बाळंतीण म्हणून मी तिला चिमूटभर ओवा दिला. हे काही तुझ्या लेखात नाही.

आजीने ते तांदूळ चिमण्यांना घालायला लावले, हे मात्र तू लिहिलंस. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

मला अडलंय ते दुसरंच. लेखाचं शेवटचं वाक्य आलं तेव्हा सर थांबले, चष्मा पुसला आणि ते वाक्य त्यांनी इंग्रजीतच वाचलं. मराठीत साधारण असं होतं: "आयरॉनिकली, तो सौदा पाळला तो फक्त विकत घेणाऱ्या बाईने." बाकी सगळं समजलं, पहिलाच शब्द समजला नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "उद्या नीट बघून सांगतो." हेडमास्तर उद्यावर ढकलतात म्हणजे त्यांनाही येत नाही.

तर तूच कळव. माझ्याबद्दलच्या वाक्यात काय लिहिलंय ते मला कळायला नको का? आणि हो, दिवाळीला येणार आहेस का तेही कळव. आजीच्या बाराव्यावरून ताटावरचा उठून गेलास, त्यानंतर तुझं तोंड पाहिलेलं नाही.

तुझी समोरची आई,
द्रौपदी


९ नोव्हेंबर १९८६

चि. भिकूस,

दिवाळी झाली. तू आला नाहीस, उत्तरही नाही. चकल्या नंदाने संपवल्या, तुझ्या नावाने रडायलाही ठेवल्या नाहीत.

मी स्वस्थ बसलेले नाही. सरांनी शब्दकोश आणला. त्यात अर्थ निघाला, उपरोधाने. मी तो अर्थ घरी आणला आणि तुझ्या वाक्यात बसवून पाहिला. उपरोधाने, सौदा पाळला तो फक्त विकत घेणाऱ्या बाईने. म्हणजे तू माझी टिंगल केलीस? दोन दिवस मी तुझ्यावर रागावले होते. वरणाला फोडणी द्यायची विसरले, नंदाच्या बाबांनी ते मुकाट्याने खाल्लं, यावरून माझा चेहरा कसा असेल ते ओळख.

मग नंदा म्हणाली, "आई, तसं नाही गं. आयरॉनिकली म्हणजे ना, व्हायला पाहिजे एक आणि होतं भलतंच."

"उदाहरण दे," मी म्हटलं.

"आज मी छत्री नेली आणि पाऊसच नाही पडला. आयरॉनिकली."

"त्याला हवामान खातं म्हणतात."

मुलुंडच्या कॉलेजात तिच्या मैत्रिणी म्हणे हा शब्द येता जाता वापरतात. बस चुकली, आयरॉनिकली. वडा गार निघाला, आयरॉनिकली. असा शब्द असेल तर तो वाक्यात असला काय आणि नसला काय सारखाच.

खरा उपयोग झाला तो नंदाच्या बाबांचा. ते जेवता जेवता म्हणाले, "आमच्या कारशेडमध्ये गेल्या महिन्यात सुरक्षा सप्ताह होता. 'सावध राहा' म्हणून मोठी पाटी टांगली होती. तीच निसटून फोरमनच्या पायावर पडली. पंधरा दिवस घरी बसलाय. याला लाव तुझा शब्द." भिकू, इथे मला काहीतरी सापडल्यासारखं वाटलं. छत्रीचं पावसाशी भांडण नसतं. पण पाय वाचवायला लावलेल्या पाटीनेच पाय मोडला, तर तिथे कुणीतरी लांबून बघून हसत असावं असं वाटतं.

आता मला खोडच लागली आहे. दिसेल त्या गोष्टीला तो शब्द लावून बघते. तुझ्या वडिलांनी आयुष्यभर गिरणीत कापड विणलं आणि संपानंतर आता ते औषधाच्या कारखान्याच्या गेटवर उभे असतात, अंगात कंपनीने दिलेला, शिवून आलेला परका गणवेश. लावून पाहिला आणि लगेच काढून घेतला. माणसाच्या हालाला असले नक्षीदार शब्द लावू नयेत.

मराठीत त्याच्या जवळ जाणारं मला एकच सापडलं, 'गंमत म्हणजे'. आपण गंमत म्हणजे म्हणतो तेव्हा पुढे गंमत क्वचितच असते. पण ते तुझ्या वाक्याला अपुरं पडतं. गंमत म्हणजे, सौदा मीच पाळला. यात गंमत कसली, पाळणारच मी.

तुला सोपा प्रश्न विचारला आहे. चौथीतलं पोर एवढं अडून बसलं असतं तर त्याला मी बाकावर उभं केलं असतं.

तुझी समोरची आई,
द्रौपदी


३० नोव्हेंबर १९८६

चि. भिकूस,

तुझं कार्ड आलं. चार ओळी. दिल्लीला शाई महाग झालेली दिसते.

"बाई, तुम्हाला कुठल्या तोंडाने भेटू? आमच्या माणसांनी तुमचंच दार का निवडलं ते मला कळलं आहे. त्या घरी मी पुन्हा येणार नाही. त्या शब्दात तुमची थट्टा नाही, माझी लाज आहे." एवढंच लिहिलंस, आणि वर मला 'बाई' म्हटलंस. लहानपणी 'समोरची आई' म्हणून ओरडायचास तेव्हा तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं.

अरे शहाण्या, तुला यंदा कळलं ते मला तू बारा दिवसांचा असल्यापासून माहीत आहे. आपल्या चाळीत एवढी बिऱ्हाडं. तुझ्या आजीने सगळी दारं सोडून माझंच का धरलं? तर बौद्धाच्या घरात काळसुद्धा पाऊल टाकायचा नाही, म्हणून. मी काय दूधखुळी होते? नंदाचे बाबा तर असे तापले! "आपण दीक्षा घेऊन चार वर्षं झाली आणि तू हे काळ-बिळ मानतेस? तेही आपल्याला कमी लेखून मांडलेलं?" मी म्हटलं, काळ मी मानत नाही, पण रुक्मिणी दारात उभी आहे आणि तिचे डोळे मला दिसतायत. दोन पोरं गेलेल्या बाईशी मी त्या दिवशी वाद घालायला हवा होता का? तुला उचलून घेतलं. त्यांनी मला कशासाठी निवडलं तो त्यांचा प्रश्न. मी तुला का घेतलं तो माझा. तेव्हा माझ्या वतीने लाज वाटून घ्यायचं काम तुला कोणी दिलेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकू नकोस, घरी ये.

एक मात्र आता सांगते, कारण पहिल्या पत्रात मी ते गिळलं. तांदळाचं मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की रुक्मिणीने माझे तांदूळ शिजवून खाल्ले. तुझ्या आजीने माझ्या हातचं पाणी कधी घेतलं नाही, त्याचं मला काही वाटायचं नाही. मी मनात म्हणायची, आजीबाई, एक दिवस तुमच्या चुलीवर माझ्या घरचा भात शिजलाय, आणि त्याच्या जोरावर तुमचा नातू अंगणात हुंदडतोय. तेवढ्यावर मी तुला हक्काने मारलं, जेवायला घातलं, तुझ्या शाळेत पालक म्हणून सही केली. सरांनी ती चिमण्यांची ओळ वाचली तेव्हा मी खडू शोधायला म्हणून टेबलाखाली वाकले. मला फार वाईट वाटलं, भिकू. म्हणजे विक्री झालीच नव्हती. तू माझा नव्हतासच, मी उगाच मिरवत होते.

तुझ्या आईशी मी याबद्दल एक शब्द बोललेले नाही. समोरासमोरच्या दारात भाजी निवडतो, मेथी महाग झाली म्हणतो, आत जातो.

द्रौपदी


१८ जानेवारी १९८७

चि. भिकूस,

तुझ्या वडिलांनी सांगितलं. एप्रिलमध्ये दिल्लीला कोर्टात लग्न करतोयस, मुलगी तुझ्याच ऑफिसातली, आणि कुणी येण्याची गरज नाही. अभिनंदन. मुलीला माझे आशीर्वाद सांग. गरज नाही हे मी ऐकलेलं नाही.

आज दुपारी रुक्मिणी आली, तेच सूप घेऊन. त्यात तांदूळ, नारळ आणि खण. विकलेलं पोर लग्नाआधी परत विकत घ्यावं लागतं म्हणे, नाहीतर त्याच्या संसाराला धोका. सूप माझ्यापुढे ठेवलं तिने. म्हणाली, "बाय, माझो झील माका परत दी."

आणि भिकू, माझा इतक्या महिन्यांचा राग नेमका तेव्हा बाहेर आला. मी म्हटलं, "रुक्मिणी, कसलं परत देऊ? पहिला सौदा तरी झाला का? माझे तांदूळ तुम्ही चिमण्यांना घातलेत. पोर माझं कधी झालंच नाही. जा, तुझाच आहे तो, फुकट घेऊन जा."

तिने तोंड उघडलं, पदर तोंडाला लावला, मग सूप उचललं आणि गेली. त्यांचं दार दिवसा कधी बंद नसतं. आज बंद आहे.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं नंदाचे बाबा म्हणाले. असेल. पण मी खोटं काय बोलले?

एवढ्यातही माझी खोड जात नाही बघ. विक्री झालीच नव्हती, तरी काळ फसला आणि तू जगलास. याला तुझा शब्द लागेल का? मला वाटतं लागेल. पण कुणावर हसायचं तेच समजत नाही, काळावर, तुझ्या आजीवर की माझ्यावर.

द्रौपदी


१ फेब्रुवारी १९८७

चि. भिकूस, माझ्या लाडक्या,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस आधी.

काल दुपारी मी दारात वाटाणे सोलत होते. समोरचं दार उघडलं. रुक्मिणी पुन्हा सूप घेऊन आली, उंबऱ्याच्या आत येऊन बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चिमण्यांका घातलंय ते आमच्या घरातले."

मला कळेना. "काय आमच्या घरातले?"

"तांदूळ. तुझे मी खाल्लंय, गो. कच्चेच. मोरीत बसान."

मग हळूहळू सगळं सांगितलं तिने. सासू आधीच बजावून बसली होती की त्यांच्या घरचं दाण्याइतकंही शिजवायचं नाही, चिमण्यांना टाक. पण किंमत खाल्ली नाही तर विक्री होत नाही, विक्री नाही तर पोर नाही, हे रुक्मिणीला पक्कं ठाऊक. म्हणून तुला घेऊन माझ्याकडे येतानाच तिने घरातले पसाभर तांदूळ ओच्यात लपवले होते. परत गेल्यावर पाय धुते म्हणून मोरीत शिरली. माझे तांदूळ पदरात घेतले, घरचे सुपात ओतले. ते सूप तिने बाहेर आणलं आणि सासूच्या डोळ्यांदेखत चिमण्यांना टाकलं. मग पुन्हा मोरीत जाऊन माझे तांदूळ मूठ मूठ करून चावले. चावल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून एका हाताने तांब्याने पाणी ओतत होती. बारा दिवसांची बाळंतीण, भिकू.

मी म्हटलं, "अगं पण रेशनचा जाडा तांदूळ तो! मी निवडलासुद्धा नव्हता. खडे होते त्यात."

"खडे पण गिळलंय," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. वाटाणे सगळीकडे सांडले. संध्याकाळी ही पोट धरून आली होती आणि मी हुशार, तिला ओवा देत होते! माझेच तांदूळ, माझाच ओवा, आणि मला पत्ता नाही.

"मला नाही, निदान भिकूला तरी सांगायचंस," मी ओरडलेच तिच्यावर. "त्याच्या आत्याने बाराव्याला ती चिमण्यांची गोष्ट हसत हसत सांगितली, पोरगा ताटावरून उठला, तुला नाही नाही ते बोलून गेला, आणि तू गप्प?"

तेव्हा तिने सांगितलं ते मी तुला शब्दाला शब्द लिहिते. किंमत खाल्ली हे, पोर परत विकत घेईपर्यंत, कुणाला सांगायचं नसतं. सांगितलं तर काळाला पत्ता लागतो. "तो रागान गेलो तर जगात कुठेतरी असात तरी," ती म्हणाली. "सांगितलं असतंय आणि त्याका काय झाला असता तर?" तू दार आपटून गेलास तेव्हा हे तिच्या ओठांवर होतं. तुझ्या जिवासाठी तिने ते आवळून धरलं. आता मी सौदाच झाला नाही म्हटलं, परत विकायलाही नकार दिला, तेव्हा तिला दुसरा रस्ता उरला नाही. बोलून बसली आणि तेव्हापासून घाबरून गेली आहे. रात्रभर माझ्याजवळ बसून होती. मी काळ मानत नाही हे तुला माहीत आहे. पण तिचे डोळे पुन्हा त्या दिवसासारखे झालेत.

तुझ्या शब्दाचा अर्थ मला आता समजला. सरांच्या शब्दकोशात तो नाही. नुसतं उलटं झालं म्हणून तो लागत नाही, नाहीतर नंदाची छत्रीही चालली असती. एखादा माणूस सगळ्यांच्या वतीने न्याय देतो, ठासून एक वाक्य लिहितो, हजारो लोक ते वाचतात, आणि ज्या बाईवर त्याने ठपका ठेवला तीच समोरच्या खोलीत, त्याचं वाक्य खोटं ठरवणारी गोष्ट पोटात घेऊन गप्प बसलेली असते. तिथे तो शब्द लागतो. तुझा शब्द बरोबर होता बाळा, वाक्य चुकलं होतं. त्यातला 'फक्त' खोड. दोघींनी पाळला सौदा. 'आयरॉनिकली' राहू दे, त्याला आता खरा अर्थ आला.

आणि विक्री पक्की झाली होती. म्हणजे तू माझा होतास, आहेस, हेही लक्षात ठेव.

रुक्मिणीचं सूप मी ठेवून घेतलं आहे, सौदा अजून केलेला नाही. मी तिला सांगितलं की परत विकताना पोर समोर हजर असावं लागतं, तशी रीतच आहे. रीत वगैरे काही नाही, मी कालच काढली. तुझ्या आईला सांगू नकोस. त्या मुलीला घेऊन लवकर ये, तुझी आई जेवत नाहीये. आलास की तू स्वतः ते सूप उचलून माझ्या हातात द्यायचंस. किंमत मी खायची असते, पण या वेळी आम्ही दोघी खाणार आहोत, शिजवून, एका ताटात, दोन्ही दारं सताड उघडी टाकून.

आज सकाळी मी ते तांदूळ निवडायला घेतले. तुझ्या आईने एकही खडा ठेवलेला नाही.

तुझी समोरची आई,
द्रौपदी